फिलूचे जिवंत आजोबा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर ओट्यावर बसून सुके बोंबील साफ केले. मी डोकी कापत होतो, ती शेपट्या. समोरचा पास्कू जाता जाता म्हणाला, "वसईचा मामा वारला गं, फिलूबाय." माझी बायको फिलोमिना वर न बघता म्हणाली, "कागद निघाला का?"

दुसरी बाई निदान "अरेरे" तरी म्हणाली असती.

आमच्या मरोळच्या गावठाणात तिला सगळे टरकून असायचे. मेलेल्या माणसाची म्युनिसिपालटीत नोंद होते, त्याचा दाखला मिळतो. तो बघितल्याशिवाय हिचा कोणाच्या मरणावर विश्वास नाय. समोरच्या पास्कूचा पणजोबा आरेच्या जंगलात वाघाशी झुंजून मेला, असं त्याच्या घरात तीन पिढ्या सांगायचे. हिने जुनी नोंद काढून आणली. कारण: जुलाब. पास्कू वर्षभर आमच्याशी बोलला नाही. भांडखोर होतीच ती. आता मेली म्हणून खोटं कशाला बोलू?

हे खूळ तिच्या आईपासून आलं. आईचा बाप, म्हणजे फिलूचे सांतान आजोबा, एका नारळाच्या झाडावरून भावाशी भांडले आणि निघून गेले. बोटीवर चढून आफ्रिकेला गेले, असं घरात बोलायचे. ते परत आले नाहीत आणि मेल्याची खबरही आली नाही. आमच्यात संध्याकाळच्या प्रार्थनेत आधी जिवंत माणसांसाठी मागायचं, मग मेलेल्यांसाठी. सासू बापाला कायम जिवंतांत धरायची. जाताना फिलूला म्हणाली, "त्याला मेलेल्यांत घाल गं. पण खात्री करून. जित्या माणसाच्या नावानं मेणबत्ती लावू नको."

तेव्हापासून आमच्या घरात रोज, "सांतान आजोबांना चांगली तब्येत दे, देवा."

मी एकदा म्हटलं, "फिलू, तो म्हातारा सव्वाशेच्या वर गेला आता."

"मग तब्येत चांगलीच असेल. तू गप रे."

मी गवंडी माणूस, चौथी नापास. कागद बघितला की घाम फुटतो. पण पिशवी धरायला मला न्यायची. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीतली मुलगी विचारायची, "आजी, कुठल्या साली वारले?"

"साल माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते, बाय?"

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात काही सापडेना. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "आजी, माणूस जिथे मरतो तिथे नोंद होते. घर असतं तिथे नाही." झालं! फिलू म्हणाली, "एवढी वर्षं आपण त्याला घरात शोधतोय, जुझे. तो घरात असता तर शोधला कशाला असता?" मग बोरिवली झालं, मुलुंड झालं. डब्यात चपाती-भाजी, बाटलीत पाणी. लोक म्हातारपणी देवदर्शनाला फिरतात, आम्ही वॉर्ड ऑफिसं फिरलो. मजा आली, खरं सांगतो.

आणि बोंबील साफ केले त्याच दिवशी सकाळी, घाटकोपरला, सांतान आजोबा सापडले. नाव, बापाचं नाव, मूळ गाव मरोळ, सगळं जुळलं. धंदा: मिठागरावर मजुरी. कसली बोट आणि कसली आफ्रिका! मरोळहून एका बसचं अंतर.

मला हसूच आवरेना. पण परतीच्या बसमध्ये फिलू गप्प. ही बाई गप्प बसलेली मी लग्नातसुद्धा बघितली नव्हती. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई दारात बसून वाट बघायची रे. आणि हा इथं." परत कागद उघडला. "खबर देणारा: मिठागराचा मुकादम. म्हणजे कोणीतरी जवळ होतं त्याच्या."

घरी येऊन बोंबील घेऊन बसलो तेव्हा मी विचारलं, "मग आज प्रार्थनेत कुठे घालायचा म्हाताऱ्याला?"

"आजच्या दिवस राहू दे जिवंत," ती म्हणाली. "उद्या सकाळी मेणबत्ती लावू, मग त्याला जिवंतांतून काढू."

संध्याकाळी चहा ठेवते म्हणून उठली आणि तिथेच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. प्रार्थनेची वेळसुद्धा झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. फिलू मधल्या खोलीत, बर्फावर. मी खिशात मेणबत्ती घालून निघालो, तर माझी बहीण ओरडली, "अरे जुझे, घरात मयत आणि तू चाललास कुठे?"

म्हटलं, "दुसऱ्या मयतीला."

कबरस्तानातल्या मोठ्या क्रुसाखाली मेणबत्ती लावली. वारा होता, विझली. परत लावली. आणि म्हटलं, "सांतान आजोबा, आता तुम्ही कागदोपत्री मेलात. तुमची नात येतेय. तुम्ही तिला कधी बघितलं नाही, पण ओळखायला चुकणार नाही तुम्ही, आवाज लांबूनच येईल. तिचे गुडघे दुखतात. आधी तिला बसायला द्या."