चार बोटं खाली

नेमबाजी क्लबातल्या शुक्रवारच्या सरावात घड्याळजींच्या पाचही गोळ्या निशाणाच्या मध्यापासून चार बोटं खाली लागल्या. त्यांनी दोष तत्काळ क्लबच्या पिस्तुलावर ढकलला. मागोमाग त्याच पिस्तुलानं त्यांच्या साडूंच्याही गोळ्या चार बोटं खालीच गेल्या, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही.

“चाप ओढताना तुमचे हात खाली जातात,” नेमबाजी शिकवणारे मास्तर दोघांना म्हणाले. “पिस्तुलाला हात लावू नका.”

पण क्लबचा चषक तीन वर्षं साडूंच्या दिवाणखान्यात ठाण मांडून बसला होता, आणि रविवारी तो आपल्या घरी येणार, असं घड्याळजींनी सगळ्या गोतावळ्यात जाहीर करून टाकलं होतं.

नळीच्या टोकावर नेम धरायचा एक पक्का खुंट असतो, त्याला माशी म्हणतात. माशी बुटकी केली की नळी वर धरावी लागते आणि गोळी वर चढते. केसाएवढे काटे बसवणाऱ्या माणसाला एवढं काय अवघड? शनिवारी सकाळी मास्तर नाहीत असं पाहून घड्याळजींनी शिपायाकडून रिकामं पिस्तूल मागून घेतलं आणि बारीक कानशीनं माशी चार बोटांच्या हिशेबानं घासली. शनिवारी गोळीबार बंद असतो, पण हातावर विश्वास असला की तपासायचं कशाला?

रविवारी दोनच स्पर्धक निघाले. “तिसरा नसेल तर सामना रद्द,” मास्तर म्हणाले.

“अहो, मी उभी राहते,” घड्याळजींची बायको म्हणाली. तिला शिकून जेमतेम महिना झाला होता आणि तिची गोळी नेमानं आठ बोटं खाली जायची. कुणाची हरकत नव्हती.

घड्याळजींच्या पाचही गोळ्या चार बोटं वर गेल्या. साडूंच्याही तशाच. घड्याळजींनी साडूंकडे पाहिलं.

“काल दुपारी मीपण जरा कानस फिरवली,” साडू पुटपुटले.

बायको पुढे झाली. तिचं मनगट सवयीनं खाली गेलं, आणि पाचही गोळ्या बरोबर मध्यात बसल्या.

चषक घड्याळजींच्या घरी आला. पाहुण्यांना तो दाखवताना “पिस्तूल मी जुळवलं होतं,” असं ते सांगत, आणि तेही निम्मं खरंच होतं.

सोमवारी मास्तर नवी माशी बसवायला निघाले, तर क्लबच्या दारात घड्याळजी आडवे उभे.

“मास्तर,” ते गंभीरपणे म्हणाले, “पिस्तुलाला हात लावू नका.”