तिथीची पाऊणपट

आमच्या राजाजीनगरात समुद्राला रोज भरती येते. ती कुणाला दिसत नाही, कारण बेंगळुरू समुद्रापासून तीन हजार फूट उंच आहे. पण वर्दी मात्र मिळते. सकाळी तळमजल्याच्या खिडकीतून माझे मोठे दीर, दत्तारामभाऊजी, तोंडातला ब्रश काढून रस्त्याला सांगतात, "आज भरती सहाला." दूधवाला "सरी सर" म्हणतो आणि पिशव्या टाकून पुढं जातो.

हिशोब सोपा आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पाणी भरलं. मालवणजवळच्या ज्या गावात भाऊजी जन्मले तिथं होड्या ह्याच हिशोबानं लोटायचे. विशीच्या आत कारखान्यातल्या नोकरीसाठी ते बेंगळुरात आले, निवृत्तही झाले, पण हिशोब सुटला नाही. बँकेत जायचं ते भरतीला. मुलीचं नाव शाळेत घालायचं ते भरतीला. पाणी उतरू लागलं, त्यांच्या भाषेत 'सुकती लागली', की नवं काम हातात घ्यायचं नाही. कुणी जरा गप्प बसलेलं दिसलं तरी विचारतात, "काय, सुकती लागली काय?"

एकदा ऑटोवाल्याला ते म्हणाले, "स्वल्प जोरात घे रे, सुकतीच्या आत पोचायचंय."

ऑटोवाल्यानं आरशातून बघत विचारलं, "समुद्र एल्लि सर?"

समुद्र कुठाय, हा प्रश्न रास्त होता. भाऊजी म्हणाले, "आहे, आहे. स्वल्प लांब आहे."

ह्या माणसाला हसायचा मला मात्र अधिकार नाही. मी बेळगावची, भूगोल घेऊन बी.ए. झालेली, आणि त्याचा तोरा बाळगणारी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात "साडेचारला भरती" असं खालून ऐकू आलं, आणि मी गच्चीवर धावत जाऊन वाळत घातलेले कपडे आत घेतले. जाऊबाईंनी विचारलं, "पाऊस आहे का गं?" म्हटलं, "पाऊस नाही, समुद्र." त्या माऊलीनं ही गोष्ट जन्मभर गुप्त ठेवली. म्हणजे फक्त आल्यागेल्यालाच सांगितली.

मग जाऊबाई गेल्या. भाऊजी खाली एकटेच राहू लागले. त्यांची एकुलती एक मुलगी मंजू इंग्लंडात, सॉमरसेट नावाच्या परगण्यात, टाँटन गावी. तिचं लग्न टिकलं नव्हतं. ती दर फोनला म्हणायची, "बाबा, इथं या. कायमचे या. माझ्या घरापासून समुद्र जवळ आहे."

शेवटी भाऊजींनी अट घातली. "येतो. समुद्र बघतो. जमला तर राहतो."

सोबतीला मी. आमच्या ह्यांनी 'मला तिकडची थंडी सोसत नाही' असं ऐन मे महिन्यात जाहीर करून घराची राखण पत्करली. मी तेव्हा तरुण होते, चौसष्ट वर्षांची. लाल रेनकोट घेतला. आरशासमोर उभी राहून 'लव्हली' म्हणायचा सराव केला. माझी समजूत अशी होती की इंग्लंडात गेल्यावर आपण आपोआप थोड्या उंच दिसू.

भाऊजी मात्र हसायच्या मनःस्थितीत नव्हते. निघताना त्यांनी गॅस सिलिंडर परत केला, मालवणी मसाल्याची बरणी माझ्या फडताळात ठेवली आणि खालच्या खोलीची किल्ली ह्यांच्या हातात दिली. "आता भाडेकरू बघा," म्हणाले. म्हणजे माणूस खरंच राहायला निघाला होता.

मंजूनं वरची खोली त्यांच्यासाठी निळी रंगवून घेतली होती. कुठूनशी विळी मागवली होती. पोरगी दारात उभी राहून बापाकडे बघत होती ती परीक्षेच्या निकालाकडे बघावं तशी. पहिल्याच शनिवारी तिनं आम्हाला मोटारीत घातलं. "वेस्टन-सुपर-मेअर," ती म्हणाली. "मेअर म्हणजे लॅटिनमध्ये समुद्र, काकू."

मी म्हटलं, "लव्हली."

भाऊजींनी पंचांग मांडीवर घेतलं होतं. पौर्णिमा होती. पाऊणपट करून त्यांनी सांगितलं की जेवणाच्या आधी पोचायला हवं. पोचलो. धक्क्यावर गेलो. समोर चिखल. करडा, ओला, चकचकीत, नजर जाईल तिथवर चिखल. अलीकडे थोडी वाळू आणि वाळूवर गाढवं. गाढवांवर पोरं. पुढं जाऊ नका, रुताल, अशी पाटी.

"समुद्र कुठाय?" मी विचारलं.

"येईल."

आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो. माझा लाल रेनकोट वाऱ्यानं फुगला होता आणि एक लहान मूल बोट दाखवून मला बघत होतं. समुद्र आला नाही.

"बाबा, फोनवर वेळ बघू?" मंजूनं हळूच विचारलं.

"फोननं समुद्र बघितलाय काय कधी?" भाऊजींनी पंचांग मिटलं. "सुकती लागली असणार. चला."

पुढच्या शनिवारी बर्नहॅम. तिथं वाळूत लाकडाचं दीपगृह आहे, पायांवर उभं. पाणी येईल म्हणून एखाद्या बाईनं साडी वर धरून उभं राहावं आणि पाणी यायचंच नाही, तसं दिसत होतं बिचारं. त्या दिवशी तिथीप्रमाणे आम्ही संध्याकाळी गेलो होतो. तरी चिखलच.

मधल्या रविवारी मंजूनं आम्हाला समुद्र नसलेली गावं दाखवली, जरा जीव रमावा म्हणून. बाथ नावाच्या गावी रोमन लोकांनी बांधलेलं गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. वाफा येतात. भाऊजींनी बाही वर केली, तेवढ्यात तिथल्या बाईनं गोड हसून सांगितलं, पाण्याला हात लावायचा नाही.

भाऊजी बाहेर येऊन बाकावर बसले. "जिथं समुद्र तिथं पाणी नाही," म्हणाले, "आणि जिथं पाणी तिथं हात लावायचा नाही. सुमन, माणसानं राहायचं कसं इथं?"

माइनहेडला गेलो तेव्हा तर मला रडूच यायचं बाकी होतं. पाऊस भुरभुरत होता. समुद्राच्या जागी समुद्राचं नुसतं भांडं ठेवलं होतं, आतलं कुणीतरी ओतून नेलेलं. तळलेला मासा आणि चिप्स घेतले. भाऊजींनी आवरण उघडून आत बघितलं आणि परत झाकलं. "कापूस," एवढंच म्हणाले. मी डब्यातून थालीपीठ काढलं, तर एका समुद्रपक्ष्यानं झडप घालून ते नेलं. जाताना त्यानं चिप्सकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी मी ह्यावर आठवडाभर हसले असते. त्या दिवशी तिघांपैकी कुणी हसलं नाही.

रात्रीची भांडी विसळताना मंजूनं मला विचारलं, "काकू, बाबांना नाही ना राहायचं?"

"तसं नाही गं. समुद्र बघून सांगतो म्हणालेत ना."

"तो दिसतच नाहीये पण." तिच्या हातात ताट तसंच राहिलं होतं. "मी हजारदा बघितलाय इथला समुद्र. भरलेला. बाबांबरोबर गेलं की कुठं जातो?"

परतीच्या तिकिटाच्या आधीचा शेवटचा शनिवार उरला होता. वॉचेट नावाच्या लहानशा बंदराला गेलो, सकाळीच, तिथीप्रमाणे. बंदरात होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या, जेवण अंगावर आलेल्या पाहुण्यांसारख्या. भाऊजींनी एकदा बघितलं आणि मोटारीकडे वळले.

धक्क्याच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यावर भरतीची वेळ होती: दुपार कलल्यावर, पार चहाच्या सुमाराला. भूगोलात बी.ए. झालेल्या बाईच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. प्रत्येक किनाऱ्याचं गणित वेगळं. पाऊणपट मालवणची खरी, इथं तिला मधे सहा-सात तास घालायला हवेत. म्हणजे भाऊजी आम्हाला दर शनिवारी नेमके ओहोटीच्या तळाशी घेऊन जात होते. एकदाही चुकले नव्हते.

मला इतका आनंद झाला म्हणता. सगळा गुंता मी सोडवला होता. आता समुद्र दाखवायचा, भाऊजी राहणार, मंजूचे डोळे पुसणार, आणि श्रेय माझं. मी तिथल्या तिथं गुडघा धरून खाली बसले.

"काय झालं?"

"कळ आली हो. पाऊल टाकवत नाही."

मग त्या गुडघ्यानं दिवस काढला. चहाच्या दुकानात बसला, बाकावर बसला, पुन्हा चहाच्या दुकानात बसला. भाऊजी दोनदा म्हणाले, "मंजू, मोटार इथं आण." दोनदा मी कण्हले. नाटक मला कॉलेजातही जमत नव्हतं, पण तिथं परीक्षक नव्हते.

आणि पाणी आलं. आधी चिखलात एक रेघ चमकली, मग रेघेचा पट्टा झाला. होड्या एकेक करून उठून बसल्या. बघता बघता पाणी भिंतीला लागलं, धक्क्यावर शिंतोडे उडू लागले. मंजूनं भाऊजींचा हात धरला.

"बाबा, आला."

गुडघा विसरून मीही उभी राहिले होते. भाऊजी खूप वेळ बघत राहिले. खारा वारा त्यांनी छातीभर घेतला, ते मी बघितलं. मग त्यांनी समोर बोट केलं. लांबवर, धुक्यात, जमिनीची निळसर पट्टी दिसत होती.

"ते काय?"

"ते वेल्स, बाबा. पलीकडचा किनारा."

"पलीकडचा काठ दिसतो तो समुद्र नव्हे," भाऊजी म्हणाले. "ही खाडी. मला खाडीचं पाणी मानवत नाही, मंजू. मी आपला जातो बेंगळुरूला."

मंजूनं हात सोडला. "बरं," म्हणाली, आणि मोटार आणायला गेली.

मी इतकी चिडले होते की दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. निघायच्या सकाळी मंजू पेट्रोल भरायला गेली होती. भाऊजी घरात दिसेनात. मागच्या आवारात सामान ठेवायची लाकडी खोली आहे, तिचं दार उघडं होतं. आत भाऊजी उकिडवे बसून एका भल्यामोठ्या पुरुषी बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होते. शेजारी तसाच दुसरा बूट, एक जाड कोट, दाढीच्या सामानाची पिशवी, सगळं एका पेटीत नीट रचलेलं.

"कुणाचं हो हे?"

"पीटरचं. इथं राहतो तो, मंजूबरोबर." त्यांनी बूट उलटा करून पाहिला. "ओल आहे इथं. बुरशी धरली असती."

मी दारातच उभी.

"आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारची बाई मला विचारत होती, पीटर दिसत नाही कुठं ते. आपल्यासाठी मंजूनं त्याला बाहेर ठेवलंय. मी राहिलो तर कायमचाच ठेवील."

"मग तिला सांगा की माहीत आहे म्हणून. आम्ही काय तिला खातोय?"

"तिनं लपवलंय. तिच्याच तोंडून यायला हवं ते. मी काढलं तर चोरी पकडल्यासारखं होईल." दुसऱ्या बुटात त्यांनी शेवटचा बोळा घातला. "इथलं पाणी उलट्या वेळी भरतं हे मला बर्नहॅमलाच कळलं होतं, सुमन. नको म्हणायला कारण पाहिजे होतं. तिला लागणार नाही असं. समुद्रावर ढकललं. तू मात्र गुडघा धरून बसलीस."

पेटी त्यांनी होती तशी लावली, झाकण ठेवलं, दार ओढून घेतलं. मंजू आली तेव्हा आम्ही दोघं पुढच्या दारात बॅगा घेऊन उभे होतो. विमानतळावर तिनं बापाला मिठी मारली. काहीतरी सांगेल असं मला वाटलं. भाऊजींनाही वाटलं असावं, कारण ते मिठीतून लवकर बाहेर येईनात. ती म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या."

ह्याला किती वर्षं झाली. आमचे हेही आता नाहीत. रविवारी दुपारी मी खाली भाऊजींकडे जाते, कारण मंजूचा व्हिडिओ कॉल येतो आणि फोन उभा धरायला त्यांना माणूस लागतं. हात थरथरतो.

परवाही आला. मंजू स्वयंपाकघरात बसली होती, केस पिकलेत तिचे. बोलता बोलता बाजूनं एक हात आला. मोठा, लालसर, मनगटावर पांढरे केस. त्यानं तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि पटकन मागे गेला. मंजूनं फोन जरा दुसरीकडे फिरवला. मी भाऊजींकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते.

"थंडी फार आहे ना तिकडे," ते म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा, आणि पुढचं इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "टेल एव्हरीबडी टू वेअर स्वेटर."

मंजू हसली. "एव्हरीबडी कोण बाबा? मी एकटीच तर असते."

भाऊजींनी मान हलवली.

"हो," म्हणाले. "तुलाच म्हणतोय. तू घाल."