ड्राफ्टवर टांगलेला मधुचंद्र

मॅरेनने फक्त एक वाक्य बोलायचं ठरवलं होतं. तेही मोठं नाही. स्ट्रॉबेरीची बशी पुढे करता करता सहज तोंडातून निसटल्यासारखं एखादं. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि सासरच्या रविवारच्या जेवणात तिने "जरा मीठ देता का" याच्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. (एका रविवारी तेही कुणाला ऐकू गेलं नाही, तेव्हा ती मुकाट्याने अळणी बटाटे खाऊन उठली होती.)

तिचा स्वभाव अबोल होता हे खरं, पण हॅस्कल घराण्यात बोलकी माणसंही एप्रिल ते जून गप्पच बसली असती. त्या दिवसांत तिथे बोलायचा विषय एकच: ड्राफ्ट. जूनच्या अखेरीस एका गुरुवारी देशातले सगळे बास्केटबॉल संघ पाळीपाळीने ताज्या दमाच्या पोरांमधून एकेक पोरगा उचलतात. जो वर्षभर जास्त हरला, त्याची पाळी बहुतेक आधी. पोर्टलंडचा संघ यंदा अगदी मन लावून हरला होता. त्यामुळे पाळी चौथी लागली होती आणि गावभर लग्नघरासारखा उत्साह होता. जिंकणाऱ्या गावांना काय, एक चषक मिळतो आणि विषय संपतो. हरणाऱ्या गावाला अख्खा उन्हाळा स्वप्न बघायला मिळतं. संध्याकाळी गुलाबांना पाणी घालणारी माणसं नळी हातात धरून मध्येच थबकत, कुंपणापलीकडे बघत राहत, आणि पाणी भलत्याच माणसाच्या मोटारीवर पडत असे. कुणी रागवत नसे. मोटारवालाही तेच स्वप्न बघत असे.

"उंच पोरगाच घ्यायचा," मॅरेनचे सासरे ऑरिन शेगडीवरचं मांस उलटत म्हणत. "सात फूट दोन इंच! तो ग्रिमुला नावाचा पोरगा नुसता उभा राहिला तरी समोरच्याला बास्केट दिसत नाही."

"नुसता उभाच राहतो डॅड, अडचण तीच आहे," टोबिन म्हणे. टोबिन म्हणजे मॅरेनचा नवरा. "कॅल्डवेलला घ्या. बघा तरी त्याचा वेग. तुमचा ग्रिमुला वळेपर्यंत हा घरी जाऊन जेवून येईल."

"बुटक्या पोरांवर संघ उभा राहत नाही."

"सहा फूट तीन इंच म्हणजे बुटका?"

"माझ्या अंगणात बुटकाच."

ऑरिन स्वतः पाच फूट सहा इंच होते.

हे सगळं मॅरेनने एखाद्या दूरच्या पाणवठ्याच्या आवाजासारखं कानाआड केलं असतं. पण मे महिन्यात बापलेकांनी पैज लावली, आणि त्या पैजेत तिचा मधुचंद्र गेला.

त्याचं असं झालं. ऑरिनची समुद्रावर एक लाकडी खोली होती. दोन खिडक्या, एक चूल, पुढ्यात करडी वाळू आणि करडं पाणी. मॅरेन इडाहोतल्या गव्हाच्या मुलखातली. तिच्या लहानपणी क्षितिजावर एकच गोष्ट हलायची, ती म्हणजे शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर. टोबिनने मागणी घातली तेव्हा सांगितलं होतं, जुलैत आपण तिथे जाऊ, महिनाभर, फक्त दोघं. ती हो म्हणाली ते टोबिनला म्हणाली की समुद्राला, हे तिने स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं. पण जुलैत नव्या पोरांचे सरावाचे सामने टीव्हीवर दाखवतात, आणि ऑरिनला त्या वेळी सोफ्यावर शेजारी मुलगा हवा असतो. मग ठरलं: संघाने ग्रिमुला घेतला तर टोबिन जुलैभर सोफ्यावर, कॅल्डवेल घेतला तर खोलीची किल्ली टोबिनला. बापलेकांनी हात मिळवले. सासूबाई लोर्ना पायरीवर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मॅरेनकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मटाराकडे पाहिलं.

तेव्हापासून मॅरेनला दिवसाढवळ्या स्वप्नं पडू लागली. ती कामाला होती तिथे, हातातलं काम चालू असताना, समोरची भिंत हळूच विरघळायची आणि पाणी पायापर्यंत यायचं. लाटेच्या कडेने कॅल्डवेल चेंडू आपटत धावत यायचा, आणि ओल्या वाळूवर चेंडूचा अजिबात आवाज व्हायचा नाही. त्याच्या गळ्यात खोलीची किल्ली असायची. तो जवळ आला, आता देणार, असं वाटेपर्यंत उजेड जायचा. वर पाहावं तर ग्रिमुला खोलीच्या छपरावर बसलेला, पाय थेट वाळूत टेकलेले, सगळा सूर्य त्याच्या पाठीमागे. चेहरा मात्र गरीब. तो म्हणायचा, "बाई, मी तरी काय करू?"

म्हणून ते एक वाक्य. ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी तिने स्ट्रॉबेरीची बशी ऑरिनपुढे धरली आणि म्हणाली,

"तो ग्रिमुला बसमधून जरा आडवा होऊन उतरतो, नाही?"

हे तिने खरंच पाहिलं होतं, टोबिनच्या फोनवर. (सात फूट दोन इंच उंचीचा माणूस बसच्या पायऱ्या आडवाच उतरतो, नाहीतर डोकं वर राहतं आणि बाकीचा खाली येतो, हेही तिला कळत होतं. तेवढं तिने सांगितलं नाही.)

ऑरिनच्या हातातला चिमटा हवेत राहिला. पोर्टलंडला उंच पोरांची जितकी हौस, तितकीच उंच पोरांच्या गुडघ्यांची धास्ती. या गावात लोक देवळात आवाज खाली आणत नाहीत इतका 'गुडघा' म्हणताना आणतात.

"गुडघा?" ऑरिन कुजबुजले.

"मी गुडघा नाही म्हटलं."

"म्हणायची गरजच नाही, पोरी. तू दवाखान्यात काम करतेस. हाडांचे फोटो काढतेस ना?"

"काढते, पण ते—"

"बास. पुढचं बोलू नकोस. तुझी नोकरी जाईल." आणि ऑरिन मांस शेगडीवर तसंच टाकून घरात गेले.

"—कुत्र्यांचे," मॅरेनने वाक्य पुरं केलं. ऐकायला शेगडीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जनावरांच्या दवाखान्यात एका जाड्या लॅब्रडॉरचा मागचा पाय धरून उभी होती. कोपऱ्यातल्या रेडिओवर चाहत्यांचे फोन घेण्याचा कार्यक्रम चालू होता.

"मी ऑरिन बोलतोय," रेडिओ म्हणाला. "नाव सांगणार नाही." मॅरेनच्या हातातला पाय निसटला. "पण आमच्या घरात एक वैद्यकीय क्षेत्रातली व्यक्ती आहे. शांत बाई. उगाच बोलणारी नव्हे. तिने फक्त एक वाक्य उच्चारलं आणि मी शेगडीवरचं मांस तसंच टाकून घरात आलो."

दुपारपर्यंत 'शांत बाई'ची 'वैद्यकीय वर्तुळातली जाणकार' झाली. चहाच्या सुमारास ती परदेशात शिकून आलेली शल्यविशारद झाली आणि तिने ग्रिमुलाचा गुडघा स्वतःच्या हातांनी तपासला होता. चारच्या बातमीत तिचे केस पांढरे होते.

"कोण असेल गं ही बाई?" मॅरेनची डॉक्टरीणबाई म्हणाली. "फार अभ्यास दिसतो."

"हलू नकोस," मॅरेन म्हणाली. लॅब्रडॉर तर केव्हाचा झोपला होता.

संध्याकाळी ऑरिनचा फोन आला. आपण ग्रिमुलाला सोडलं, आजपासून कॅल्डवेल. मॅरेनने फोन ठेवला आणि जिना चढली, पण पाय पायरीला लागलेच नाहीत. आता भांडणच उरलं नव्हतं. बापही कॅल्डवेलचा, लेकही कॅल्डवेलचा, मग पैज कसली? तिने मनातल्या मनात खोलीच्या खिडक्यांना पडदे लावले. मग काढले. समुद्राला पडदा कशाला?

टोबिन आला, बूट काढले आणि म्हणाला, "मी ग्रिमुलाकडे गेलो."

"काय?"

"डॅड कॅल्डवेलकडे आलेत ना."

"मग बरंच की! एकमत झालं तुमचं."

"तीच तर भीती. आमचं एकमत झालं की तो खेळाडू बुडतो, मागे दोनदा झालंय." तो पलंगाच्या कडेला बसला आणि मोजे काढू लागला. "आणि एकमत झालं तर मी त्यांच्याशी बोलू काय, मॅरेन? आम्ही दुसरं कधी काही बोललोय? हवामानाबद्दल बोलायचं का? आपल्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, उंच पोरगाच घेतील बघ."

मॅरेनला गलबलून आलं. नंतर लक्षात आलं, की आपलं काय.

"आणि पैज?"

"पैज कायम. बाजू बदलल्या एवढंच. आता ग्रिमुला आला की किल्ली आपली." त्याने तिचा हात हातात घेतला. "फक्त कुणा मूर्ख शल्यविशारद बाईने त्याच्या गुडघ्याचं काहीतरी पसरवलंय. भेटली तर सांगतो तिला."

ती बाई रात्रीच्या जेवणाची भांडी मांडायला उठली.

बुधवारी ती एकटीच सासऱ्यांकडे गेली. ऑरिन गॅरेजमध्ये गुलाबांची कात्री पुसत होते.

"ऑरिन, ते बसचं मी म्हटलं ना... त्याचा गुडघा ठणठणीत आहे हो. पायऱ्या अरुंद होत्या. एवढ्या उंचीचा माणूस आडवाच उतरणार."

ऑरिनने कात्री ठेवली आणि गॅरेजचं दार खाली ओढलं. "हे बोलायला कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"शाबास. असंच म्हणायचं."

"अहो, मी कुत्र्यांचे फोटो काढते! माणसाचा गुडघा मी जवळून पाहिलेलासुद्धा नाही!"

"वा! हे फारच उत्तम. कुणी विचारलं तर अगदी हेच सांग." त्यांनी तिच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. सासऱ्यांनी तिला दाखवलेली ही पहिली माया. "पोरी, ड्राफ्टच्या आठवड्यात खरं कोण बोलतं? ज्याला पोरगा हवा असतो तो त्याला नावं ठेवतो, ज्याला नको असतो तो कौतुक करतो. तू आता कौतुक करायला लागलीस. म्हणजे गुडघा मी समजत होतो त्याहून वाईट आहे."

ती घरी पोचेपर्यंत रेडिओवर आलं होतं, की त्या बाईवर वरून दबाव आलाय.

गुरुवारी पाच वाजता ड्राफ्ट सुरू झाला. जूनमधले पाच म्हणजे भर दुपारच. ऑरिनने टीव्ही व्हरांड्यात आणून ठेवला होता, आणि पडद्यावर उन्हामुळे चेहऱ्यांपेक्षा गुलाबच जास्त दिसत होते. पहिली तीन पोरं गेली. ग्रिमुला उरला, कॅल्डवेल उरला. दोघेही आपापल्या आईशेजारी टेबलाशी बसले होते, आणि दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. सगळी गल्ली गप्प झाली. कुणाच्या तरी नळीचं पाणी तेवढं वाहत होतं. मॅरेनने डोळे मिटले. लाटा आल्या. ग्रिमुला छपरावरून हळूच उतरला, सरळ, एकेक पाऊल टाकत, आणि त्याने ओंजळ पुढे केली.

"पोर्टलंडने," टीव्हीतला माणूस म्हणाला, "आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन टाकली आहे. त्या बदल्यात पोर्टलंडला सहा वर्षांनंतरची पाळी मिळेल."

 मग ऑरिन टोबिनकडे वळले.

"पैजेचं काय?"

टोबिनने विचार केला. "पाळी पुढे गेली, तर पैजही तिच्याबरोबर गेली."

"सहा वर्षं!" ऑरिन म्हणाले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "ती पोरं आत्ता कुठे बारा-तेरा वर्षांची असतील रे!"

"सहा वर्षं बोलायला आहे डॅड आपल्याला!" आणि बापलेकांनी, ज्यांनी आयुष्यात मिठी मारली तर फक्त कानात बोलण्यासाठी, एकमेकांना घट्ट कवटाळलं.

"आणि या जुलैत खोली?" मॅरेनने विचारलं. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"पैजेवर लावलेली वस्तू निकालाआधी वापरायची?" ऑरिनना खरंच वाईट वाटलं. "बरं दिसत नाही गं ते."

टोबिनने कसनुसं तोंड करून तिच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात ऑरिनने त्याला आत ओढलं. सामन्यांच्या तारखा बघायच्या होत्या.

मॅरेन पायरीवर जाऊन बसली. ऊन आता तिरपं होऊन गवतावर पसरलं होतं, आणि वारा पश्चिमेकडून, समुद्राकडून येत होता. निदान ती स्वतःला तसं सांगत होती. थोड्या वेळाने लोर्ना येऊन शेजारी टेकल्या.

"आमचाही ठरला होता," त्या म्हणाल्या. "मधुचंद्र. त्याच खोलीत. तेव्हाची पैज ऑरिनची आणि त्याच्या वडिलांची."

"मग? कोण जिंकलं?"

"ऑरिन जिंकला की. पण ज्या पोरावर जिंकला त्याला संघाने नाताळाच्या आत विकला. सासरे म्हणाले, पोरगा गेला म्हणजे पैज गेली. त्याच्या बदल्यात जो आला त्याच्यावर परत लावली. त्यालाही विकला. मग त्याच्या बदल्यात जो आला त्याच्यावर." लोर्नांनी अंगणापलीकडे पाहिलं, कुठेतरी खूप लांब. "माझा मधुचंद्र आता कुठल्या गावाकडून खेळत असेल कोण जाणे. मी मागावर राहणं सोडून दिलं."

मॅरेनचे डोळे भरून आले. तिने सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला. काहीतरी मायेचं बोलावं, असं काहीतरी जे दोन बायकाच एकमेकींना सांगू शकतात, म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तिच्या कानांवर तिचाच आवाज पडला:

"तो पहिला पोरगा ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला होता की दुसऱ्या?"

लोर्नांनी हळूच हात सोडवून घेतला. सुनेकडे फार करुणेने पाहिलं.

"गेलीस गं तू," त्या म्हणाल्या, आणि उठता उठता दाराकडे तोंड करून ओरडल्या, "ऑरिन! सोफ्यावर जरा सरकून बसा रे. अजून एक येतेय!"