अकरावी पेशी

रिकाम्या जहाजाचा समुद्रात तोल राहत नाही. म्हणून एका बंदरात माल उतरवला की ते तिथलंच पाणी पोटात भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ओतून देतं. त्या पाण्यातून परक्या समुद्रातलं, डोळ्यांना न दिसणारं शैवाल फुकटात प्रवास करतं. हे गंभीर आहे. ते गंभीर आहे हे सर्वांना कळावं म्हणून बंदरावर एक कार्यालय उघडण्यात आलं, आणि कार्यालयाला काम असावं म्हणून नियम करण्यात आला: एका मिलिलिटर पाण्यात दहापर्यंत जिवंत पेशी चालतील. अकरावी आढळली, की जहाज बंदराबाहेर उभं राहील आणि त्यावरचा एकही माणूस किनाऱ्याला पाय लावणार नाही.

यात माणसांचा काय संबंध, असं नियम करताना एका सदस्यानं विचारलं होतं. ते आता सदस्य नाहीत.

या कार्यालयात पाणी तपासणाऱ्या बाईंना सगळे थेंबताई म्हणत. एके सकाळी त्यांच्या टेबलावर ज्या जहाजाचं पाणी आलं, त्यावर त्यांचा सख्खा मोठा भाऊ स्वयंपाकी होता. दादा जहाजावर गेला तेव्हा वहिनीला दिवस गेले होते. आता मुलगी रांगत होती, आणि बाप म्हणजे फोनच्या काचेमागे राहणारा एक गृहस्थ, अशी तिची समजूत होती. जहाज माल भरून लगेच वर्षभरासाठी जाणार होतं. दादाला मधला एक दिवस मिळाला तर मिळाला.

थेंबताईंनी हे नातं रीतसर साहेबांच्या कानावर घातलं.

"शैवाल तुमच्या नात्यातलं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग मोजा."

पाण्यात एक विशिष्ट रंग टाकला, की जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. मेलेल्या चमकत नाहीत. त्यांना तेवढी समज असते. ताईंनी मोजलं. दहा! दादाला फोनही करून टाकला. मग सवयीनं पुन्हा डोळा लावला, तर दहावी पेशी कंबरेत जरा बारीक वाटली. ती दुभंगत होती. एकीच्या दोघी होत होत्या.

दुसऱ्या कुणी काणाडोळा केला असता. पण थेंबताई साखरेच्या डब्यातल्या मुंग्याही मोजून बाहेर काढणाऱ्या. त्यांनी साहेबांना बोलावलं.

"ही एक आहे," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

"आणि दोनही आहे."

"साडेदहा लिहू का?"

"आणि अर्धी कुठली, असं कुणी विचारलं तर?"

प्रकरण समितीकडे गेलं. समितीत तिघे होते. एकाला कायदा कळायचा, एकाला समुद्र कळायचा आणि तिसरे अध्यक्ष होते. त्यांनी प्रत्यक्ष नमुना मागवला, तोवर दुभंगणं पार पडलं होतं. अकरा पेशी लख्ख चमकत होत्या.

"पण जहाजातून आली तेव्हा ती एकच होती," ताई म्हणाल्या. "दुसरी इथं झाली."

"म्हणजे जन्म कार्यालयातला?" कायदेवाल्यांनी विचारलं.

"हो."

"मग ती आपली. आपली पेशी जहाजाच्या माथी मारता येणार नाही."

ताईंचा जीव भांड्यात पडला.

"मात्र," कायदेवाले म्हणाले, "दोघींतली आपली कोणती, ते आधी ओळखा."

ओळख पटेपर्यंत पुरावा मरू देणं गुन्हा ठरला असता. म्हणून नमुन्याची बाटली चांगल्या उन्हाच्या खिडकीत ठेवण्यात आली. पेशींची आबाळ होऊ नये म्हणून पोषक द्रव्यं मंजूर झाली. ती वेळेवर आली. कार्यालयाच्या इतिहासात वेळेवर आलेली ती पहिलीच वस्तू.

दादाचा फोन आला. "अगं, दहाच आहेत म्हणालीस ना? आम्ही इथं बॅगा भरून बसलोय."

"दादा, त्यातली एक बाळंत झाली."

"छान," दादा म्हणाला. "माझी बायको बाळंत झाली तेव्हा मला रजा मिळाली नाही. हिच्यासाठी अख्खं जहाज थांबवलंय."

ताई साहेबांकडे गेल्या. "साहेब, जहाजातून नवा नमुना आणू या. अंधाऱ्या टाकीत आतापर्यंत सगळ्या मेल्या असतील."

"पहिल्याचा निकाल लागायच्या आत दुसरा घेतला, तर पहिल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

ज्यावर साहेबांचा एवढा विश्वास होता, तो नमुना बाटलीतून बादलीत गेला, बादलीतून टबात. टब हिरवागार झाला आणि घमघमू लागला. नेमके तेव्हाच वरिष्ठ पाहणीला आले.

"हा नमुना आहे की डबकं?" त्यांनी नाकाला रुमाल लावला. "आत्ताच्या आत्ता ओतून टाका."

"आधी मारायला हवं, साहेब," ताई घाईघाईनं म्हणाल्या. "ब्लीच घालते."

"मारायला समितीची परवानगी लागते," साहेबांनी आठवण करून दिली. "ओतायला लागत नाही."

टब मोरीत रिकामा झाला. मोरीचा पाइप कुठं जातो हे सर्वांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

नमुनाच उरला नाही म्हटल्यावर जहाजातून नवा आणणं भाग पडलं. ताईंनी तो तीनदा तपासला आणि धावतच वर गेल्या. "साहेब, शून्य! एकही जिवंत नाही. येऊ द्या त्यांना."

साहेब खिडकीत उभे होते. खाली बंदराचं पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोपटी झालं होतं.

"जहाज अगदी स्वच्छ आहे म्हणता?"

"अगदी स्वच्छ!"

"मग ते या असल्या पाण्यात कसं आणायचं?" साहेब कळवळून म्हणाले. "काही जबाबदारी आहे की नाही आपली?"

जहाजाला पुढच्या बंदरात माल भरण्याची मुभा देण्यात आली. वहिनी मुलीला घेऊन धक्क्यावर धावली. दादा कठड्याशी उभा राहून दोन्ही हात हलवत होता. एवढ्या लांबून तो फोनमधल्यापेक्षाही लहान दिसत होता. मुलगी त्याच्याकडे बघेना. ती वहिनीच्या हातातल्या फोनमध्ये बाप शोधत होती.

धक्क्यावर त्या दिवशी तुफान गर्दी होती. एवढा हिरवा समुद्र कुणी पाहिला नव्हता. एक फोटो तर इतका फिरला, की तो तुमच्यापर्यंतही आला असेल आणि तुम्ही बदाम टाकून पुढं पाठवला असेल. मूळ फोटोत डाव्या कोपऱ्यात एक बाई तान्ही मुलगी डोक्याच्या वर उंच धरून उभी आहे, आणि मागे एक जहाज चाललंय. तुमच्याकडच्या फोटोत ती दिसणार नाही. हिरवं जास्त यावं म्हणून तेवढा भाग कुणीतरी कापलाय. तुम्ही नसेल कापला. तुमच्याकडे आला तेव्हा तो कापलेलाच होता.