चाकू, कैऱ्या आणि विहीणबाईंची बरणी

यंदा लोणच्याच्या कैऱ्या मी फोडणार, असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा सुलभाने हातातला लसूण खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. चाकू होता!

हा चाकू म्हणजे काय चीज होती, हे तुम्हाला कसं सांगू? मिटला की तळहातात मावायचा, उघडला की वीतभर व्हायचा. टायटॅनियमची मूठ, आरशासारखं पातं. थेट परदेशातून मागवला होता. किंमत सांगत नाही, कारण हे सुलभाही वाचणार आहे. अंगठ्याने जरा ढकललं की पातं ‘खट्क’ करून बाहेर यायचं आणि मला उगाचच कुणीतरी सलाम ठोकल्यासारखं वाटायचं. ऑफिसच्या मीटिंग मी घरून करतो. त्या काळात कॅमेऱ्याच्या खाली माझा हात सतत चाकूच उघडमीट करत असायचा. आमच्या साहेबांना वाटायचं, माझा माईक खराब झालाय.

“आवाज छान आहे,” सुलभा म्हणाली होती. “कापतो का?”

“अगं, जहाजाला लावतात ते पोलाद आहे हे.”

“आपल्या घरात जहाज नाही. आणि आपली विळीसुद्धा मिटते. तिला कुणी परदेशातून मागवलं नव्हतं.”

मी मनात ठरवलं, की या बाईला एकदा चाकूचा पराक्रम दाखवायचा. आणि त्यासाठी कैरीसारखी संधी नव्हती. इथल्या, हैदराबादच्या कैरीची कोय म्हणजे दगड. रयतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाजीबाजारात, अडकित्ते घेऊन माणसं बसलेली असतात, ती फोडून देतात. मी त्यांच्यासमोरून अख्ख्या कैऱ्यांची पिशवी घेऊन ताठ मानेने बाहेर आलो.

आता हे लोणचं साधं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. आमच्या ऋचाचं लग्न ठरलंय. मुलगा हर्षवर्धन, घर विद्यानगरला, म्हणजे आमच्या नल्लकुंट्यापासून रिक्षाने जाईपर्यंत घाम येतो न येतो एवढ्या अंतरावर. पण तसं पाहिलं तर फार लांब. आम्ही पुण्याहून नोकरीसाठी आलेले. ती मंडळी निजामाच्या काळापासून इथली. मूळची शेतीवाडी, आता आबिड्सला पंख्यांचं आणि दिव्यांचं दुकान. माणसं मोठ्या मनाची, रीतीभातीला पक्की. पहिल्याच भेटीत आमच्या होणाऱ्या विहीणबाई, पद्मावतीबाई, यांनी डबाभर करंज्या दिल्या. सुलभाने तो डबा लख्ख घासून, पुसून, उन्हात वाळवून परत पाठवला.

रिकामा!

चार दिवसांनी हर्षवर्धन हसत हसत ऋचाला म्हणाला, “आई म्हणत होती, पुण्याकडं रिकामा डबा परत करायची पद्धत असंल. कोरडी माणसं.”

ते ‘कोरडी माणसं’ सुलभाच्या अगदी जिव्हारी लागलं. साखरपुडा तोंडावर आलेला. मुलीला आयुष्यभर त्या घरात राहायचं, आणि सुरुवातच अशी. शेवटी तिने ठरवलं, की विहीणबाईंना आपल्या हातचं लोणचं बरणीभर पाठवायचं. तिच्या आईच्या पद्धतीचं, तेलात बुडालेलं. त्या लोणच्यावर आमच्या घराची अब्रू होती आणि त्याच्या कैऱ्या फोडण्याचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

मी परातीसमोर मांडी घातली. खट्क. पहिली कैरी लोण्यासारखी कापली गेली. निदान कोयीपर्यंत तरी. कोयीला पातं टेकलं आणि थांबलं. मी दोन्ही हातांनी दाबलं. पातं किंचित डावीकडे झुकलं. पुन्हा दाबलं, उजवीकडे झुकलं. उंची वस्तूत जराशी लवचीकता ठेवलेली असते, असं मी स्वतःला समजावलं. पाच-सहा कैऱ्यांनंतर पातं हलणाऱ्या दातासारखं डुलायला लागलं. सुलभाने एकदा डोकावून पाहिलं.

“विळी देऊ?”

“काही गरज नाही.”

शेवटच्या कैऱ्या मी कशा फोडल्या ते माझ्या खांद्यांना विचारा. पण फोडल्या! मग चाकू मऊ फडक्याने पुसून, मिटून खिशात ठेवला. सुलभाने मोहरी, तिखट, मीठ, हिंग, गूळ घालून फोडी कालवल्या, वरून गार केलेलं तेल ओतलं आणि दोन बरण्या भरल्या. मोठी बरणी दादरा बांधून त्याच संध्याकाळी ऋचाबरोबर विद्यानगरला गेली. छोटी आमच्यासाठी राहिली.

रात्रीच्या बातम्या बघता बघता मी सवयीने चाकू काढला आणि अंगठा लावला. ‘खट्क’ झालं नाही. ‘टप्प’ झालं. पातं माझ्या मांडीवर पडलं आणि मूठ हातात राहिली. ज्या स्क्रूवर पातं फिरतं तो स्क्रूच जागेवर नव्हता. तिथे एक गोल भोक होतं आणि त्यातून मला टीव्ही दिसत होता.

मला आधी प्रचंड वाईट वाटलं ते चाकूचं. एवढ्या किमतीच्या वस्तूने कैरीपुढे हात टेकावेत? खोक्यातला कागद काढून पाहिला. ‘आयुष्यभराची हमी’ असं छापलं होतं. कुणाच्या आयुष्याची, ते नव्हतं. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. स्क्रू खिशात नाही. फडक्यात नाही. जिथे बसलो होतो त्या फरशीवर नाही. म्हणजे स्क्रू परातीत गेला होता आणि परात बरण्यांत.

सुलभा झोपायला गेल्याची खात्री करून मी छोट्या बरणीत हात घातला. तळापर्यंत. एकेक फोड चाचपली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून नकळत तोच हात डोळ्याला लावला आणि मग जे झालं त्याचं वर्णन करत नाही. माझा आवाज ऐकून सुलभा बाहेर आली.

“काय चाललंय?”

“चव बघत होतो.”

“कोपराने?”

छोट्या बरणीत स्क्रू नव्हता. म्हणजे तो विद्यानगरला गेला होता. आणि विद्यानगरला एकनाथराव होते! आमचे होणारे व्याही. त्यांनी त्याच आठवड्यात नवे दात बसवून घेतले होते. काढघाल करायची कवळी नव्हे, हाडात स्क्रू बसवून पक्के केलेले. त्या माणसाच्या तोंडात आधीच पुरेसे स्क्रू होते, आणखी एक परवडणार नव्हता. साखरपुड्यात व्याह्यांचे पुढचे दोन दात नसतील, आणि ते का नाहीत हे सगळ्यांना माहीत असेल, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. कोरडी माणसं, आणि वर लोणच्यातून लोखंड चारणारी.

सकाळी उठल्या उठल्या फोन केला.

“एकनाथराव, दात कसे आहेत?”

“एकदम ए-वन, श्रीकांतराव. डॉक्टर म्हणले, आजपासनं सगळं खायचं. मी पद्माला म्हणलो, सुरुवात विहीणबाईंच्या लोणच्यानंच करायची. दुपारच्या जेवणाला बरणी काढायलोत.”

“लोणचं अजून मुरलं नाही हो. आठ दिवस तरी जाऊ द्या.”

“नक्को, नक्को. करकरीत फोड चावायची हौस हाय. त्यासाठीच तर दात बसवले.”

मी ऑफिसला पोटदुखी कळवली. हे खोटं होतं, पण दुपारनंतर खरं झालं. बरोबर जेवायच्या वेळेला मी विद्यानगरला दारात उभा. “इकडून चाललो होतो,” म्हणालो. भर उन्हात, घामाने भिजलेला, डोळे लाल. पण ते घर असं, की का आलात हे कुणी विचारत नाही, पाट मात्र मांडला जातो. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, खट्टी दाल. आणि मधोमध आमची बरणी.

“विहीणबाई, लोणचं मला जरा जास्त वाढा,” मी म्हणालो.

वाढलं. मी प्रत्येक फोड आधी जिभेने, मग दातांनी, मग बोटांनी तपासली आणि मग खाल्ली. संपली की पुन्हा मागितलं. माझं धोरण सरळ होतं. एकनाथरावांच्या वाट्याला फोडच येऊ द्यायची नाही. तिसऱ्या वाढपाला माझ्या कानांतून वाफ निघते आहे असं वाटायला लागलं. पद्मावतीबाई पळी हातात धरून बघत राहिल्या.

“भाऊ, तिखट लागंना का तुम्हाला?”

“छे,” मी म्हणालो. म्हणजे तसं म्हणण्यासाठी ओठ हलवले.

“कमाल हाय,” एकनाथराव म्हणाले. “पुण्याकडले लोक गोडघाशे असतात, ऐकलं होतं.”

आणि तेवढ्यात त्यांनी स्वतःच्या ताटातली फोड उचलली. खिडकीतून ऊन येत होतं. त्या फोडीच्या टोकाला काहीतरी चकाकलं. फोड नव्या दातांच्या दिशेने निघाली.

मला विचार करायला वेळच नव्हता. मी हात लांब केला, व्याह्यांच्या बोटांतून ती फोड काढून घेतली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

ते तेल होतं. नुसतं तेल चकाकत होतं.

होणाऱ्या व्याह्याच्या हातातला घास विहीणबाईंसमोर हिसकावून खाणारा मी पहिलाच मुलीचा बाप असेन. एकनाथरावांची बोटं अजून हवेतच होती. झालं, मी मनात म्हणालो. ऋचाला काय तोंड दाखवू?

पद्मावतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“बघितलं का हो?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “अन् मी मेली यांना कोरडी माणसं म्हणत होते. सख्ख्या भावानं खावं तसं ताटातलं उचलून खाल्लं. परकं समजले असते तर असं केलं असतं का?”

“हौ,” एकनाथराव भारावून म्हणाले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

“अन् विहीणबाई तर त्यांच्याहून वरचढ. थांबा, दाखवते.” त्या आत देवघरात गेल्या आणि एक चांदीची वाटी घेऊन आल्या. वाटीत तांदूळ. तांदळावर हळदकुंकू. आणि हळदकुंकवात माझा स्क्रू.

“काल बरणी उघडली तर वरच होता, फोडीला चिकटून. मी तर दंगच राहिले. म्हणलं, पुण्याच्या माणसाला ही रीत ठाऊक हाय?”

“कुठली रीत?” मी कसाबसा म्हणालो.

“चेष्टा करता का? खायची वस्तू घराबाहेर चालली, की नजर लागू नये म्हणून आत लोखंड घालायचं. माझ्या सासूबाई घालायच्या, खिळा, नाहीच मिळाला तर कोळसा. आता आमच्याच घरात समदे विसरले. विहीणबाईंनी आठवणीनं घातलं. पोरीच्या सासरसाठी एवढी माया.”

एकनाथरावांनी स्क्रू उचलून उजेडात धरला. दुकानदाराचा डोळा. “इतकी वर्षं दुकानात बसलो, असला माल बघितला नाही. डोकं बघा, चांदणीवानी. नजर काढायची तर ती बी फर्स्ट क्लास मालानं. मानलं तुम्हाला.”

मी थक्क होऊन त्या स्क्रूकडे बघत होतो. जो माझ्या चाकूत दोन आठवडे टिकला नाही, तो त्यांच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या टिकणार होता. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर विहीणबाईंनी त्यात प्रेमाने आणखी एक फोड घातली.

निघताना त्यांनी लोणचं आपल्या बरणीत काढून घेतलं, आमची बरणी धुतली आणि अंबाडीच्या ठेच्याने काठोकाठ भरून माझ्या हातात दिली. रिकामी कशी देणार?

घरी आल्यावर मी लोटाभर ताक घेऊन आडवा झालो. स्वयंपाकघरातून सुलभाची हाक आली.

“अहो, हे बघा! ठेच्यात खिळा! चांगला बोटभर लांब खिळा! माझा एक रिकामा डबा चालला नाही, आणि स्वतः मात्र खिळे पाठवतात. ऋचाला फोन लावते. असल्या निष्काळजी घरात मुलगी देताना शंभरदा विचार करायला हवा.”

आता उठावंच लागलं. खिळा का आहे ते सांगितलं.

सुलभा विचारात पडली. “पण मग मी तर काहीच घातलं नव्हतं.”

आता तेही सांगावंच लागलं. मूठ दाखवली, पातं दाखवलं, भोक दाखवलं.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई होत्या. सुलभा बराच वेळ ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“अहो, त्यात काय एवढं,” ती अगदी सहज म्हणाली. “आमच्याकडे लोखंड घातल्याशिवाय कुठलाच पदार्थ घराबाहेर पडत नाही. आईची शिकवणच तशी.”

मी आ वासून बघत राहिलो. इतकी वर्षं मी उगाचच पोलादाच्या शोधात परदेशी वेबसाइट धुंडाळत होतो.

तिने फोन ठेवला, माझ्या हातातली ती सुटी मूठ घेतली आणि चष्मा लावून उलटसुलट न्याहाळायला लागली. मला वाटलं, बिचारीला दुरुस्त करायची असेल.

“साखरपुड्याला फराळाची पाच ताटं पाठवायची आहेत,” ती म्हणाली. “याला अजून किती स्क्रू आहेत?”

मोजले. चार होते. एवढ्या किमतीत कंपनीला आणखी एक द्यायला काय झालं होतं?