उजवीकडची खालची

अक्कलदाढ काढायला मी शनिवार निवडला, ही पहिली चूक. विचार साधा होता. शनिवारी सुट्टी, रविवारी सुट्टी, म्हणजे रजा वाचते. (सरकारी कारकून आजारीसुद्धा कॅलेंडर बघून पडतो, असं नम्रता म्हणते. नम्रता माझी बायको. तिची अशी बरीच मतं आहेत.)

शिवाय पुढच्या रविवारी राजापूरची मंडळी आमच्या मनस्वीला बघायला येणार होती. 'बघायला' हे नावापुरतं. मनस्वी आणि ओमकार एकमेकांना दोन वर्षं बघतच होते, मोठ्या माणसांनी एकमेकांना बघायचं तेवढं राहिलं होतं. त्यांच्याकडचा मोठा माणूस म्हणजे ओमकारचे काका, रावजी. वडलांमागे त्यांनीच त्याला वाढवला. त्यांनी नाही म्हटलं तर ओमकार पुढे पाऊल टाकणार नाही, हे मनस्वीने मला तीनदा बजावलं होतं. आणि रावजींची अट एकच होती: मुलीच्या घरात तंबाखू नको.

"आमच्या घरात नाहीच," नम्रताने फोनवर ठणकावून सांगितलं होतं. ते खरंही होतं. मनस्वीच्या दहावीच्या वर्षी मी देवापुढे शपथ घेऊन तंबाखू सोडली. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून घरात चिमूटभर तंबाखू आलेली नाही. (ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते.)

माळनाक्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "तंबाखू?" नम्रता शेजारीच बसली होती. मी जोरजोरात नकाराची मान हलवली. बाईंनी अर्धा तास खटपट करून उजवीकडची खालची दाढ उपटली, उजेडात धरून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ती ट्रेमध्ये टाकली. मग सूचनांचा कागद वाचून दाखवला. कापसाचा बोळा तासभर दाबून धरायचा, थुंकायचं नाही, चूळ आज नाही, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या उद्यापासून, स्ट्रॉ लावून काही प्यायचं नाही, गालाला बाहेरून बर्फ, खायला मऊ आणि गार. आईस्क्रीम चालेल, हे वाक्य मी त्यांना दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

निघताना मी खुणेने दाढ मागून घेतली. लहानपणी पडलेला दात आम्ही कौलांवर टाकायचो. आता आमच्यावर स्लॅब आहे, हे मला रिक्षात बसल्यावर आठवलं. दाढेची पुडी शर्टाच्या खिशात राहिली.

घरी येऊन पंख्याखाली बसलो. भुलीने अर्धा चेहरा शेजाऱ्याचा झाल्यासारखा वाटत होता. एवढ्यात बेल वाजली, मनस्वीने दार उघडलं. दारात रावजी, हातात मोठी ट्रंक. आमच्याच रत्नागिरीच्या एका शाळेत त्यांचं व्यसनमुक्तीचं प्रदर्शन होतं, ते आटोपलं, एवढे आलोच आहोत तर आजच भेटून जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी उठून नमस्कार केला. 'या, बसा' म्हणायला गेलो ते 'उं, उं' निघालं. वर बघत, लाळ सांभाळत बोललो तरी बधिर ओठाच्या कोपऱ्यातून लालसर ओघळ हनुवटीवर आला. मला तो कळलाही नाही. रावजींना कळला. त्यांनी माझा फुगलेला गाल बघितला, ओघळ बघितला आणि ट्रंक खाली न ठेवता उभेच राहिले.

नम्रताने लगबगीने दाढेचं सांगितलं, तंबाखू सोडून आठ वर्षं झाल्याचंही सांगितलं. रावजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं यष्टीत कंडक्टर होतो. तोबरा भरलेल्या प्रत्येकाने मला दाढच सांगितलीन हाय."

"कागद दाखवते," म्हणत नम्रता पर्स आणायला आत वळली. मी अर्धा मिनिट थांबलो असतो तर तेवढ्यावर भागलं असतं. पण मनस्वीचा चेहरा उतरलेला बघून मला राहवेना. मी खिशातली पुडी काढली आणि दाढ रावजींच्या तळहातावर ठेवली.

रावजींनी ट्रंक खाली ठेवली, चष्मा लावला आणि दाढ पुढून-मागून तपासली. तेव्हा मीही ती पहिल्यांदाच नीट बघितली. कोळशासारखी काळी होती.

"दाढ काढलीत हे खरं," रावजी म्हणाले. "पण आठ वर्षं तंबाखू सोडलेल्याची नाय ही."

नम्रता हातात कागद घेऊन दारातच थबकली. मनस्वी माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर चाललं असतं, तिचे डोळे भरले होते. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. डॉक्टरीणबाईंची सूचना मोडून मी बोळा काढला आणि बोबड्या जिभेने सगळं सांगितलं, ड्रॉवर, त्याची किल्ली, किल्ली कुठे असते तेसुद्धा.

रावजी खुर्चीत बसले. दाढ अजून तळहातावरच होती.

"माणसं पुडी लपवतात, तोंड लपवतात. पुरावा कोणी हातावर ठेवला नव्हता आजवर. सोमवारी ड्रॉवर रिकामा करा, पावणे. घरात नाय म्हणालात, ते खरंच म्हणालात. मुलगी आमाला पसंत हाय. फक्त ही दाढ मला द्या. चित्रं बघून पोरं हसतात, खरी वस्तू बघून घाबरतील."

(तो प्रामाणिकपणा नव्हता, निव्वळ घाई होती. पण मी गप्प राहिलो. बोळा परत लावला होता.)

त्यांनी ट्रंक उघडून झाकणाची एक बाटली काढली, दाढ आत टाकली. चिठ्ठीवर 'एक इसम' एवढंच लिहितो म्हणाले. नम्रताने त्यांच्या हातून पेन घेतलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि ऑफिसचा पत्ता लिहिला. त्यानंतर पंधरा दिवस माझी जीभ त्या भोकात जाऊन चौकशी करत होती. आईस्क्रीम घरात आलं, ते मायलेकींनी संपवलं. मला पेज मिळाली. ड्रॉवरची किल्ली आता नम्रताच्या पर्समध्ये असते.

महिन्याभराने राजापूरला साखरपुडा झाला. नवीन सदरा, फेटा, दाढी गुळगुळीत, मी मुलीचा बाप म्हणून ताठ बसलो होतो. रावजींनी त्यांच्या वयोवृद्ध आत्याबाईंना माझ्यापुढे आणलं. त्यांना नीट दिसत नव्हतं. रावजींनी माझं नाव सांगितलं तशी त्या ओळखीचं हसल्या, माझी हनुवटी धरून म्हणाल्या, "उजवीकडची खालची ना? बघू वायच, तोंड उघडा."