दोन तोंडांची गाय

"भिंत कुठलीही असू दे, नुसती माझ्यासमोर उभी करा! बाकी माझ्यावर सोडा!" असं उस्ताद येताजाता सगळ्यांना सांगायचा. भिंती मुळात उभ्याच असतात, हे त्याला सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

'उस्ताद' ही पदवी त्याची त्यानेच घेतलेली. खेड्यापाड्यांतल्या गोठ्यांवर आणि कोठारांवर खताच्या, बियाण्यांच्या, पंपांच्या कंपन्यांची चित्रं रंगवायची, हा त्याचा धंदा. हात चांगला होता, धंदा यथातथाच. सासरेबुवांच्या मते तर तो धंदाच नव्हता. त्यांच्या गोठ्यात गाई भरपूर होत्या आणि राबायला माणूस मिळत नव्हता, त्यामुळे रिकामा जावई बघितला की त्यांचे हात शिवशिवायचे.

अशात दूध डेअरीच्या मनात आलं, की गावोगावच्या गोठ्यांवर आपली तांबडी गाय रंगवून घ्यावी. आधी एक नमुना. तो साहेबांना पसंत पडला, की सगळे गोठे उस्तादचे! नमुन्यासाठी सासरेबुवांनी आपली भिंत दिली, पण फुकट नाही.

"जमलं तर आनंद आहे, जावईबापू. नाही जमलं, तर हे डबे न् ब्रश गुंडाळायचे आणि माझ्याकडे कामाला यायचं. गोठ्यामागे शेणाचा ढीग आहे. कधीचा तुमची वाट बघतोय."

"वाट बघून बघून म्हातारा होणार तुमचा ढीग, बाबा! फक्त एक करा. चित्र पुरं होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. कलाकाराचा हात बिथरतो!"

"नाही बोलणार," सासरेबुवा म्हणाले.

उस्ताद कामाला लागला. कागदावर चौकटी, भिंतीवर चौकटी, आणि एकेका चौकटीतून गाय वर येऊ लागली. डावीकडे शेपटी आणि मागचे पाय, मध्ये भलंमोठं पोट आणि कास, उजवीकडे पुढचे पाय, घंटा बांधलेली मान आणि तोंड. गोठ्याला मधोमध मोठं सरकतं दार होतं. पोट आणि कास आली त्या दारावर. तो यायचा उन्हं वर आल्यावर आणि जायचा उन्हं कलायच्या आत, कारण धारा काढायच्या वेळी गोठ्यात सापडलेल्या जावयाच्या हातात बादली येते, हा त्याचा जुना अनुभव. भर दुपारी गाई चरायला गेलेल्या असायच्या आणि दार बंद.

"अहो, एकदा सकाळचं जाऊन बघून या ना," बायको म्हणाली.

"सकाळी काय गाय वेगळी दिसणार आहे?"

बायको हसून कामाला लागली. तिचं माहेर गोठ्याचंच होतं.

साहेब नेमके सकाळी येणार होते. उस्ताद नवा शर्ट घालून, बायकोला सोबत घेऊन पोचला आणि जागच्या जागी थिजला. धारा चालू होत्या, म्हणजे दार उघडं होतं. म्हणजे ते उजवीकडे सरकून थेट गाईच्या तोंडावर जाऊन बसलं होतं! जिथे तोंड हवं तिथे कास लोंबत होती. जिथे पोट हवं तिथे भलंमोठं भोक, आणि त्या भोकातून एक खरीखुरी गाय रवंथ करत बाहेर येत होती.

"बाबा! हे काय?"

"रोजच असं असतं," सासरेबुवा धार न थांबवता म्हणाले. "मला वाटलं, आजकालची कला अशीच असते. तुम्हीच म्हणालात ना, मध्ये बोलू नका?"

"दार लावा आधी!"

"गाई निम्म्या आत, निम्म्या बाहेर. लावू कसं?"

तेवढ्यात वळणावर साहेबांची जीप दिसली. उस्तादने बायकोला साहेबांना चहासाठी घरात न्यायला पिटाळलं, शिडी लावली आणि दारावरच्या कासेवर सपासप दुसरं तोंड रंगवून टाकलं. डोळे, शिंगं, कान, घंटा! जीव मुठीत धरून काढलेलं ते तोंड, खरं सांगायचं तर, पहिल्यापेक्षा सरस आलं.

साहेब आले. चष्मा पुसून बघू लागले.

"छान! फक्त गाय जरा लांबट वाटते."

"ती चालतेय, साहेब!"

"आणि मध्ये हे दार आलंय."

"त्यातून खऱ्या गाई येतात, साहेब! जिवंत जाहिरात!"

साहेब खूश झाले. उस्तादची छाती फुगली. इकडे शेवटची गाय बाहेर पडली, आणि सासरेबुवांनी जन्मभराच्या सवयीने दार ओढलं. घर्रर्र!

भिंतीवरच्या गाईला आता मानेवर एक तोंड होतं आणि पोटावर दुसरं. दोन्ही तोंडं साहेबांकडे बघत होती.

"दोन तोंडं खायला," साहेब सावकाश म्हणाले, "आणि कास एकही नाही! परवडायची कशी ही गाय आमच्या डेअरीला?"

उस्तादच्या डोळ्यांपुढे ढीग उभा राहिला. मान खाली घालून तो ब्रश पुसू लागला.

"पण हात चांगला आहे हो तुमचा," साहेब म्हणाले. "दोन्ही तोंडं सुरेख आहेत. असं करू, दार असलेली भिंत तुम्हाला नकोच. गोठ्यांच्या मागून नवा रस्ता गेलाय, सगळी वर्दळ आता तिकडेच. मागच्या भिंतींना ना दार, ना खिडकी. सगळ्या गोठ्यांच्या मागच्या भिंती तुमच्या!"

जीप धूळ उडवत गेली.

"ऐकलंत, बाबा? सगळ्या भिंती! सुटलो तुमच्या ढिगातून!"

"अभिनंदन, जावईबापू. चला, पहिली भिंत दाखवतो," सासरेबुवा म्हणाले, आणि त्याला गोठ्यामागे घेऊन गेले.

मागची भिंत प्रशस्त होती, असावी. दिसत होता तो तिला टेकून छतापर्यंत चढलेला शेणाचा ढीग.

"ढीग भिंतीलगतच घालतात सगळे," सासरेबुवांनी फावडं पुढे केलं. "आमचाही, आणि बाकीच्या गोठ्यांचाही. आधी हे घ्या. ब्रश नंतर."

उस्तादने नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"बघा ना," बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "दार मात्र खरंच नाहीये हो!"